नेहमीचं टेबल

सरांनी दोन्ही काड्या टेबलावर टेकवून त्यांची टोकं सारखी केली, ताटलीतला सुशीचा तुकडा अलगद उचलला आणि तोंडात टाकला. भाताचं एक शीतसुद्धा खाली पडलं नाही.

समोर बसलेल्या सिस्टर बघतच राहिल्या. त्यांच्या हातातली एक काडी एव्हाना टेबलाखाली जाऊन आली होती आणि सुशीचा तुकडा फुटून त्याचा काला झाला होता.

"तुम्हाला कुठून हो येतं हे?"

"येतं म्हणजे? दोन काड्या तर धरायच्या, त्यात शिकायचंय काय?" सर म्हणाले. "तू बोटं आवळतेस. मनगट ढिलं सोड."

घरी संत्रं सोलून पुढ्यात ठेवल्याशिवाय ज्यांच्या तोंडात जात नसे, त्यांनी आपल्याला मनगट ढिलं सोडायला सांगावं, याचं सिस्टरांना हसू आलं. त्यांनी काड्या बाजूला ठेवल्या आणि सरळ हाताने खायला सुरुवात केली.

सर त्यांचे यजमान. शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्त झाले तरी सगळ्या गावाचे सरच राहिले. आणि सिस्टर गेल्याच महिन्यात निवृत्त झालेल्या. त्यांचं सगळं आयुष्य हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या वॉर्डात गेलं. दाराबाहेरच्या बाकावर ताटकळलेल्या आज्यांच्या ओंजळीत त्यांनी इतकी नातवंडं ठेवली, की "धरा आजी, मानेखाली हात घाला" हे वाक्य त्या झोपेतसुद्धा बोलतात, अशी सर थट्टा करत. निरोपाच्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी वर्गणी काढून त्यांना एक कूपन दिलं होतं. मॉलमधल्या जपानी हॉटेलात दोघांचं जेवण. "सिस्टर, आयुष्यभर डब्यातलं गार जेवलात. आता सरांना घेऊन जा, ऐटीत बसा," असं म्हणून पोरींनी त्यांच्या गळ्यात हात टाकले होते.

सरांना मात्र यायचं नव्हतं. आधी म्हणाले, कच्चे मासे कोण खाणार. मग म्हणाले, कूपन कुणाला तरी देऊन टाक. मग गुडघा दुखायला लागला. एरवी सिस्टरांनी नाद सोडला असता. पण पोरी रोज फोन करून विचारत होत्या, "गेला होतात का? कसं होतं?" शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही आलात तर मी शेजारच्या वहिनींना घेऊन जाते." तेव्हा कुठे सरांनी बूट घातले.

मॉलमध्ये शिरल्यावर सिस्टर नकाशाच्या पाटीपाशी थांबल्या, तर सर केव्हाच पुढे निघाले होते. सरकत्या जिन्याने वर, डावीकडे, चपलांच्या दुकानावरून वळून थेट हॉटेलच्या दारात. आत गेल्यावर काचेजवळची चांगली उजेडाची टेबलं सोडून त्यांनी खांबाआडचा कोपरा धरला आणि दाराकडे पाठ करून बसले.

"तिकडे बसू या की. खालचं सगळं दिसतं."

"ऊन येतं तिथे," सर म्हणाले.

सिस्टरांनी काचेकडे पाहिलं. बाहेर आभाळ भरलेलं होतं. पण सरांशी वाद घालायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. सरांचा शब्द म्हणजे मैदानावरची चुन्याची रेघ. तिच्या पलीकडे पाय गेला की गडी बाद.

एकुलता एक मुलगा असाच बाद झाला होता. त्याचं घरातलं नाव खारू. लहानपणी घास न गिळता गालात साठवून ठेवायचा, म्हणून. मोठेपणी साधा, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा निघाला. पण लग्न करायचं ठरवलं ते त्याच्यापेक्षा मोठ्या, घटस्फोट झालेल्या मुलीशी. सर म्हणाले, "ती किंवा हे घर." खारूने बॅग उचलली. त्या वेळी सरांचं छातीचं दुखणं नुकतंच उपटलं होतं. मुलगा जिना उतरतोय तोवर त्यांनी सिस्टरांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या गळ्याची शपथ आहे. त्याच्याशी बोललीस, त्याचं नाव जरी काढलंस, तर मला मेलेला बघशील."

बाईमाणूस शपथेला भ्यायलं असं कुणी म्हणेल. पण सिस्टर नर्स होत्या. सरांच्या हृदयाचा आलेख त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्या गप्प बसल्या. एकदाच, वॉर्डातल्या फोनवरून त्यांनी खारूचा नंबर फिरवला. पलीकडून त्याचं "हॅलो, कोण?" ऐकलं आणि फोन ठेवून दिला. नंतर तो नंबरही बंद झाला. रडायचं ते त्या कपडे बदलायच्या खोलीत रडून घेत आणि तोंड धुऊन घरी येत.

"सूप घे, गार होतंय," सर म्हणाले.

इतक्यात आतल्या दारातून निळा झगा घातलेली एक वाढपीण बाहेर आली. चाळिशीची, अंगाने भरलेली. मघाशी ऑर्डर घेऊन गेलेला मुलगा वेगळा होता. हिची ड्यूटी आत्ताच सुरू झाली असावी. तिची नजर खांबाआडच्या टेबलावर गेली आणि चेहरा उजळला.

"अगंबाई, आजोबा! आज इकडे कोपऱ्यात? मी तुमचं नेहमीचं टेबल धरून ठेवायला सांगून गेले होते, पण ते शनिवारसाठी. आज मधेच कसे?"

सरांनी मान वर केली नाही. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," ते म्हणाले.

वाढपीण हसली. तिला ती थट्टा वाटली. "आणि आमची छोटी राणी कुठंय? उंच खुर्ची आणू का?" मग तिने सिस्टरांकडे पाहिलं, जरा निरखून पाहिलं आणि गालावर हात ठेवला. "तुम्ही आजी ना? सांगायला नको, नाक अगदी तस्संच आहे! बरं वाटलं हो तुम्हाला बघून. तुमचा मुलगा म्हणायचा, आजी फार आजारी असते, घराबाहेर पडत नाही. आता बऱ्या आहात ना?"

सिस्टरांच्या हातात सुपाची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली. एक थेंब सांडला नाही. वॉर्डात कितीही बाका प्रसंग आला तरी हात हलू द्यायचा नाही, ही सवय तेवढी कामाला आली.

"बरी आहे मी," त्या म्हणाल्या.

"नातीला आणायचंत की."

"आणेन."

काहीतरी चुकलंय हे वाढपिणीच्या आता लक्षात आलं. तिने सरांकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं, आणि "आलेच हं" म्हणत ती दुसऱ्या टेबलाकडे निघून गेली.

पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, फोटो काढले जात होते. सर काड्यांनी ताटलीतलं आलं एका बाजूला सारत होते.

"कुणाची नात?" सिस्टरांनी विचारलं.

"इथे तमाशा नको. घरी जाऊन बोलू."

"मी कुठे आवाज चढवलाय? कुणाची नात, एवढंच विचारते."

"खारूची मुलगी."

सिस्टरांच्या कानावर खारूचं नाव आज इतक्या वर्षांनी पडलं होतं. घरात ज्या माणसाने त्या नावाला बंदी केली होती, त्यानेच ते उच्चारलं. सहज, रोजच्या सवयीने उच्चारावं तसं.

"केवढी आहे?"

"चार होईल आता."

"नाव काय ठेवलं?"

सरांनी नाव सांगितलं. सिस्टरांनी ओठांतल्या ओठांत ते एकदा म्हणून पाहिलं. अनोळखी वाटलं. वॉर्डातल्या एखाद्या पाळण्यावरची चिठ्ठी वाचावी, तसं.

"तुम्ही कधीपासून येताय इथे?"

"तिच्या जन्माच्या आधीपासून." सरांनी काड्या खाली ठेवल्या. आता सुटका नाही हे त्यांना कळलं असावं. "खारू शाळेत आला होता मला भेटायला. चुकलं म्हणाला. माफी मागितली त्याने. आता पोटच्या पोराने एवढं म्हटल्यावर मी काय दगड आहे? मग भेटायला लागलो. शनिवारी तुझी ड्यूटी असायची. त्याचं ऑफिस इथून जवळ. सूनबाईला हे हॉटेल आवडतं."

"सूनबाई," सिस्टर म्हणाल्या.

"चांगली आहे मुलगी. मला वाटलं होतं तशी नाही."

शनिवार म्हणजे जुन्या खेळाडूंचा कॅरम. निदान सिस्टरांना तसं ठाऊक होतं. ड्यूटीला निघण्याआधी त्या सरांचा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवत. कॅरमला एवढा कडक शर्ट कशाला, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? घरात माझा शब्द गेला होता. तो काय तुझ्यासमोर गिळायचा?"

"त्याच्यासमोर गिळलात की."

"ते वेगळं. त्याने माफी मागितली."

"मी कशाची माफी मागायची राहिली होती?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला.

सिस्टरांच्या मनात आता एकच प्रश्न उरला होता आणि तो विचारायची त्यांना भीती वाटत होती. तरी त्यांनी विचारला.

"बाळंतपण कुठे झालं तिचं?"

सर खांबाकडे बघत राहिले.

"सांगा ना. कुठे झालं?"

"नदीपलीकडच्या दवाखान्यात. त्यांना तुझ्याच हॉस्पिटलात यायचं होतं. सूनबाईच म्हणाली, तिकडे जाऊ, आईंच्या हातात बाळ येऊ दे, सगळं आपोआप विरघळेल. पण मीच नको म्हटलं."

"का?"

"तू तिथे ड्यूटीवर. अचानक समोर बघितलं असतंस, काय झालं असतं? चार लोकांत शोभा. आणि मग सगळंच बाहेर आलं असतं." त्यांनी घसा खाकरला. "मी त्यांना सांगितलं, तिला हे लग्न अजून पचलेलं नाही. तिच्या वाटेला जाऊ नका."

हे सरांनी ज्या स्वरात सांगितलं, तो स्वर सिस्टरांना पाठ होता. पाऊस आला म्हणून सामना रद्द केला, असं सांगावं तसा. कोण जाणे कुणाकुणाच्या पोरी, कुणाकुणाच्या सुना त्या वॉर्डात आल्या, ओरडल्या, हात घट्ट धरून मोकळ्या झाल्या. त्यांची कित्येक पोरं सिस्टरांनी पुसली, दुपट्यात गुंडाळली, पहिल्यांदा रडवली. आणि घरचं लेकरू यायचं तेव्हा ह्या माणसाने त्याला नदीपलीकडे धाडलं. कशासाठी, तर आपली रेघ पुसली गेल्याचं बायकोला कळू नये म्हणून.

"म्हणजे मलाच नको होतं, असं सांगितलंत तुम्ही."

"मग काय सांगणार होतो?" सरांचा आवाज आता चढला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्यातलाच प्रकार. "आणि तू तरी काय केलंस? मी रागाच्या भरात शपथ घातली. मोडायची होतीस! आई ना तू? इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्याशी भांडलीस त्याच्यासाठी? गप्प बसलीस. मला वाटलं, हिलाही नकोच असेल."

हा घाव मात्र वर्मी बसला. कारण हे तसं खोटंही नव्हतं. सिस्टर भांडल्या नव्हत्या. त्यांनी सरांच्या गोळ्या वेळच्या वेळी दिल्या, पथ्याचं केलं, रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. ज्या छातीला जपण्यासाठी त्यांनी पोराकडे पाठ फिरवली, ती छाती दर शनिवारी कडक शर्ट घालून नातीला मांडीवर घेत होती.

"फोन द्या तुमचा," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

सिस्टरांनी नुसता हात पुढे केला. वॉर्डात कात्री मागताना करत तसा, न बघता. सरांनी थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढून दिला.

"कुठल्या नावाने आहे?"

"पंपवाला."

सिस्टरांना एवढा वेळ रडू आलं नव्हतं, ते आता येईलसं वाटलं. हा पंपवाला त्यांच्या ओळखीचा होता. टाकीत पाणी चढत नाही म्हणून घरात नेहमीच एक पंपवाला लागे. सर आंघोळीला असले आणि फोन वाजला, की स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन त्याच हाक मारत, "अहो, पंपवाल्याचा फोन आलाय!" कितीदा तरी तो वाजता फोन त्यांच्याच हातात होता.

त्यांनी बटण दाबलं. दोनदा वाजल्यावर उचलला गेला.

"हां बाबा, बोला."

आवाज जाड झाला होता. सिस्टरांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"बाबा? ऐकू येतंय का?"

"मी बोलतेय."

"कोण?"

आईचा आवाज त्याला ओळखता आला नाही. सिस्टरांनी डोळे मिटले.

"आई."

पलीकडे मागे कुठेतरी छपाईच्या यंत्राचा खडखडाट चालला होता, तेवढाच ऐकू येत राहिला. मग तो घाबऱ्याघुबऱ्या म्हणाला, "बाबांना काय झालं?"

"काही नाही झालं. समोर बसलेत. जेवतायत."

"मग?"

"खारू, मला आज कळलं. आत्ता, इथे. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं रे."

"काय माहीत नव्हतं?"

"मुलगी झाल्याचं. तू ह्यांना भेटतोस ते. काहीच."

तो हसला. ते हसू ऐकून सिस्टरांना वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"आई, प्लीज. फोटो पाठवला होता मी तुला, बाबांच्या हाती. जन्मली त्याच आठवड्यात. तू बघितलासुद्धा नाहीस, तसाच परत पाठवलास. बाबांनीच आणून दिला परत. तेव्हाच ठरवलं मी, पुरे झालं."

सिस्टरांनी सरांकडे पाहिलं. सर टेबलावरचा कागदी रुमाल घडी घालत होते. घडीवर घडी, बारीक होत चाललेली.

"माझ्यापर्यंत कुठलाच फोटो आला नाही," त्या सावकाश म्हणाल्या.

"म्हणजे बाबा खोटं बोलले?"

सरांच्या हातातली घडी थांबली. त्यांनी मान वर केली. मैदानावर उभ्या शाळेला दरडावणाऱ्या त्या डोळ्यांत आता चक्क याचना होती. नको, असं ते डोळे म्हणत होते. एवढं एकच ठेव.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "खोटं बोलले. तुझ्याशीही आणि माझ्याशीही."

पलीकडचा खडखडाट बंद झाला. खारू बाहेर कुठेतरी येऊन उभा राहिला असावा.

"मला काय खरं धरावं तेच कळत नाही," तो शेवटी म्हणाला. "बाबा दर आठवड्याला येतात, आई. ताप आला तर तुझी रात्रपाळी असताना रात्र रात्र बसलेत ते तिच्याजवळ. आणि तू आज एक फोन करून..." तो थांबला. "तुझ्या हातात फोन नव्हता का इतकी वर्षं?"

"होता."

"मग?"

गळा, शपथ, छातीचा आलेख, सगळं घशापर्यंत आलं आणि त्यांनाच ते पोकळ वाटलं.

"एकदा बघू दे रे तिला," त्या म्हणाल्या. "लांबून बघते."

"तिला माहीत नाही तू आहेस ते." एवढं बोलून तोही वरमला असावा, कारण पुढचं जरा मऊ आवाजात आलं. "मला वेळ दे. हिच्याशी बोलावं लागेल. करतो फोन."

"कधी?"

"करतो म्हटलं ना."

फोन बंद झाला. सिस्टरांनी तो पुसला आणि सरांच्या ताटलीशेजारी ठेवला.

सर घाईघाईने पुढे वाकले. "अगं, मी समजावतो त्याला. शनिवारी भेटणारच आहे मी. दोन-चार वेळा बोलून जरा वातावरण तयार करतो, मग तुला..."

"तुम्ही काही तयार करू नका," सिस्टर म्हणाल्या. त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली.

"अगं, बस. अर्धं जेवण यायचंय अजून. वॉर्डातल्या पोरी विचारतील तुला."

"तुम्ही जेवा. कूपन दोघांचं आहे."

"आणि घरी?"

"किल्ली आहे तुमच्याकडे."

वाढपीण दाराशी उभी होती. तिने खालच्या आवाजात म्हटलं, "आजी, माझं काही चुकलं का?" सिस्टरांनी तिच्या दंडावर थोपटलं. "नाही गं. तुझ्यामुळेच कळलं," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. मॉलमध्ये दुपारची गर्दी होती. आया, ढकलगाड्या, फुगे. सिस्टर जिन्याने एक मजला खाली आल्या आणि लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानासमोर थांबल्या. थोडा वेळ बाहेरच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या.

"काय दाखवू?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"फ्रॉक. नातीसाठी."

"किती वर्षांची?"

"चार होईल."

मुलीने एक पिवळा फ्रॉक काढून काउंटरवर पसरला. "अंगाने कशी आहे? बारीक का गुटगुटीत?"

सिस्टरांनी फ्रॉकची कॉलर सरळ केली.

"बरं, उंची सांगा. साधारण केवढी?"

सिस्टरांनी तळवा पालथा धरून हात कमरेशी नेला. मग थोडा खाली घेतला. मग पुन्हा वर नेला. हात हवेतच राहिला. मागे उभी असलेली एक बाई आपल्या मुलाला घेऊन ताटकळत होती. दुकानातली मुलगी समजूतदार होती, ती वाट बघत राहिली.

"हा चारचाच आहे," ती म्हणाली. "बरोबर बसेल बहुतेक. आज-उद्यात घालायचा असेल तर हाच न्या."

सिस्टरांनी फ्रॉकची बाही बोटांत धरून पाहिली. कापड मऊ होतं. त्यांनी फ्रॉकची नीट घडी घातली आणि मुलीपुढे सरकवला.

"याच्याहून मोठा दाखवा," त्या म्हणाल्या.